किक मारल्यावर तोल जातो: एका पायावर उभं राहण्याचा सराव लढतीत उपयोगी पडतो का?

उलटी_गिरकी

नमस्कार मंडळी,

मी तायक्वांदो खेळतो, क्योरुगी म्हणजे लढतीच्या प्रकारात. वेग ठीक आहे, लवचिकपणा ठीक आहे, दमसासही बरा आहे. अडचण एकाच ठिकाणी येते. मागच्या पायाने पूर्ण जोर लावून राउंडहाउस, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, मारली की पाय खाली येताना माझं अंग कललेलं असतं. पाऊल हवं तिथे न पडता बाहेरच्या बाजूला पडतं आणि पुन्हा स्टान्समध्ये, म्हणजे लढतीच्या पवित्र्यात, यायला क्षणभर उशीर होतो. समोरचा मुरलेला असेल तर तो त्या क्षणाचीच वाट बघत असतो. कधी कधी तर मी चक्क मॅटवर बसतो. मग गम-जम, म्हणजे समोरच्याला आयता गुण. धडावरच्या किकचे २ गुण कमवायला जायचं आणि १ देऊन यायचं, असं चाललंय.

सरांचं निदान एका वाक्यात: बॅलन्स कच्चा आहे. उपाय: रोज डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. ते मी मन लावून करतोय, दात घासताना सुद्धा. आता दोन्ही पायांवर बराच वेळ न डगमगता उभा राहू शकतो. पण लढतीत तोल जायचा तो जातोच.

तर प्रश्न असा की हा सराव लढतीत उतरतो का? उभं राहण्याचा तोल आणि लढताना लागणारा तोल एकच असतो की वेगवेगळा? ज्युदो, कराटे, कुस्ती, मुए थाई, सगळ्यांनी लिहा.

टिवल्याबावल्या

एका पायावर, डोळे मिटून, तोंडात ब्रश! घरच्यांनी अजून दृष्ट काढली नाही का? :)
विषय झकास आहे. खुर्ची टाकून बसलोय.

दंडबैठक

मी कुस्ती शिकवतो. रोखठोक लिहितो, राग मानू नका. पोराला बगळ्यासारखं उभं करून काहीही साधत नाही. तोल म्हणजे पवित्रा आणि पायातली ताकद. गुडघे वाकलेले, कंबर खाली, छाती वर, वजन चवड्यावर. गुरुत्वमध्य जितका खाली आणि दोन पायांमधली जागा जितकी रुंद, तितकं माणसाला उलथवणं अवघड. समोरचा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, घुसला की त्या वेळी कोण किती सेकंद एका पायावर उभं राहतं याची कुणी मोजदाद करत नाही. मांड्या, पाठ आणि कंबर पक्की करा, निम्मं काम तिथेच होतं.

सांधेजोड

दंडबैठक सर, पवित्र्याबद्दल पूर्ण सहमत. पण ताकदीवर सगळं येऊन थांबतं असं मला वाटत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लढतीचे खेळ खेळणारी मुलं माझ्याकडे सतत येत असतात. प्रचंड स्क्वॅट मारणारी मुलंसुद्धा किकनंतर भेलकांडताना बघितली आहेत.

थोडं मुळापासून लिहिते. शरीराला आपण कुठे आहोत हे तीन वाटांनी कळतं. एक डोळे. दुसरी आतल्या कानातली यंत्रणा, तिथे डोक्याचं फिरणं आणि कलणं टिपलं जातं. तिसरी म्हणजे स्नायू, कंडरा आणि सांधे यांच्यातले संवेदक, शिवाय तळपायाच्या त्वचेवर पडणारा दाब. मेंदू या तिन्हींची बेरीज करतो आणि प्रसंग बघून कुणावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवतो. डोळे मिटले की उरलेल्या दोघांवर भार येतो. सरांनी सांगितलेल्या व्यायामामागे हाच विचार आहे आणि तो चुकीचा नाही.

मात्र त्या व्यायामात धक्का येत नाही, वेग येत नाही, पाऊल टाकावं लागत नाही. आपण स्थिर उभे असतो तेव्हासुद्धा खरं तर सतत थोडे हलत असतो. फोर्स प्लेटवर, म्हणजे पायाखालचा दाब मोजणाऱ्या फळीवर, उभं केलं तर दाबाचा केंद्रबिंदू तळपायाखाली सारखा फिरताना दिसतो. हे बारीक डोलणं आपण घोट्यातून सावरतो. धक्का मोठा असेल तर घोटा पुरत नाही, मग कमरेतून झटका देऊन सावरतो. त्यानेही भागलं नाही तर पाऊल टाकतो. घोटा, कंबर, पाऊल. एका पायावर उभं राहण्याच्या सरावात पहिली पायरी घोटून घोटून पक्की होते. तुमची गडबड तिसऱ्या पायरीवर होतेय, पाऊल टाकताना. तिला वेगळा सराव लागतो.

तोल ही सर्वसाधारण क्षमता आहे, एका कामात वाढवली की सगळीकडे वाढते, असा समज फार पसरलाय. २०१६ साली निरोगी लोकांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात चित्र उलटं निघालं. ज्या कामाचा सराव केला त्यात सुधारणा चांगली होते, पण सराव न केलेल्या दुसऱ्या तोलाच्या कामात ती फारशी उतरत नाही.

मग एका पायावरचा सराव टाकून द्यायचा का? अजिबात नाही. घोटा मुरगळून गेलेला असेल तर त्या घोट्याची जाणीव मंदावते आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. अशा वेळी एका पायावरचा आणि डगमगत्या फळीवरचा सराव पुन्हा मुरगळण्याची शक्यता खरोखर कमी करतो. म्हणून आधी सांगा, तुमचा कुठला घोटा कधी दुखावला होता का?

उलटी_गिरकी

सांधेजोड ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. हो, डावा घोटा मुरगळला होता. सूज उतरली आणि मी खेळायला लागलो, वेगळे व्यायाम असे कुणी दिले नव्हते. आणि उजव्या पायाने किक मारताना आधार डाव्याचाच असतो...

शांत_पाणी

मी कराटेत काता करते, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका एकटीने सादर करते, त्यामुळे बगळ्याची बाजू घेणं माझं कर्तव्य आहे. :)

गंकाकु नावाचा काता आहे, त्यात एका पायावर पुन्हा पुन्हा उभं राहायचं असतं, तेही अंग वळवून आल्यावर लगेच. त्या स्थितीत पंच तुमच्या पायाच्या बोटांकडे बघत असतात. बोटं मॅटला नखं रोवल्यासारखी आखडली की त्यांना कळतं की आतून धडपड चाललीय. तायक्वांदोच्या पूमसेतही, म्हणजे तिथल्या काताच्या प्रकारात, साइड किक उंचावर जाऊन थांबलेली दिसावी लागते. त्यामुळे 'स्थिर उभं राहणं निरुपयोगी' असं सरसकट म्हणू नका, आमचे गुण त्यावरच आहेत.

मात्र आम्हीसुद्धा नुसते उभे राहत नाही. आम्ही वेगाने येतो आणि थांबतो. सगळी कसोटी त्या थांबण्यात असते. आधीच एका पायावर उभं असलेल्या माणसाला तिथे टिकायचं असतं. आम्हाला वळणातून येऊन त्या जागी पोचायचं असतं. माझ्या सरावात उभं राहण्याचा वेळ अगदी थोडा आणि पोचण्याच्या फेऱ्या भरपूर.

दंडबैठक

शांत_पाणी ताई, हे पटलं. पोचणं आणि टिकणं वेगळं.

कडेलोट

ज्युदोच्या बाजूने लिहितो. आमचा तर धंदाच दुसऱ्याचा तोल बिघडवण्याचा. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली आणि फेकीचे तीन टप्पे मांडले: कुझुशी म्हणजे तोल मोडणं, त्सुकुरी म्हणजे त्या जागी स्वतःला बसवणं आणि काके म्हणजे प्रत्यक्ष फेक. तोल मोडण्याच्या आठ दिशा शिकवल्या जातात. सगळ्यात आधी कुझुशी येते. तोल शाबूत असलेल्या माणसाला नुसत्या ताकदीने उचलून टाकणं वरच्या पातळीवर जवळजवळ अशक्य असतं, आणि तोल मोडला की बोजड गडीसुद्धा सहज जातो.

दंडबैठक सरांच्या रुंद आणि खाली बसलेल्या पवित्र्याबद्दल थोडं वेगळं मत आहे. आमच्याकडेही जिगोताई नावाचा बचावाचा बसका पवित्रा आहे, पण रोजचा पवित्रा शिझेनताई, म्हणजे सहज सरळ उभं राहणं. कमरेतून वाकून बसलेला माणूस पुढच्या बाजूला आधीच झुकलेला असतो, त्याला पुढे खेचायला मेहनत लागत नाही. शिवाय तो पटकन कुठेही जाऊ शकत नाही. आणि फार बचावात्मक वाकून राहिलं तर आता शिदो, म्हणजे दंडाची ताकीदही मिळते. कुस्तीत पायाला धरता येतं म्हणून खाली बसावं लागतं. ज्युदोत २०१३ पासून उभ्या लढतीत पायाला हात लावणं बंदच झालंय, तेव्हा आमचा पवित्रा आणखी सरळ झाला. नियम बदलले की तोलाचं गणित बदलतं.

आता या धाग्याच्या प्रश्नाशी जोडतो. उचिमाता ही आमची फार वापरली जाणारी फेक. एका पायावर उभं राहून दुसरा पाय समोरच्याच्या दोन मांड्यांमध्ये वर झाडायचा. त्यावरचा सुंदर प्रतिडाव म्हणजे उचिमाता सुकाशी. समोरच्याने काहीही जोर लावायचा नाही, फक्त ज्या मांडीवर तुमचा पाय आदळणार ती शेवटच्या क्षणी बाजूला घ्यायची. फेकणाऱ्याचं अख्खं शरीर त्या मांडीचा अडथळा गृहीत धरून निघालेलं असतं. अडथळा नाही म्हटल्यावर तो स्वतःच गरगरत पाठीवर जातो. इप्पॉन, म्हणजे लढत तिथेच संपवणारा पूर्ण गुण! कुणी ढकललेलं नसतं, खेचलेलंही नसतं.

मेंदू प्रत्येक जोरदार हालचालीच्या आधीच तोलाची तजवीज करून ठेवतो. नुसता हात वर करायचा असला तरी हाताचा स्नायू जागा होण्याआधी पायाचे स्नायू कामाला लागलेले असतात. ही तजवीज अंदाजावर असते आणि अंदाज फसला की तोल जातो. म्हणून उलटी_गिरकी, एक नेमकं सांगा: किक पॅडवर बसते तेव्हाही तुमचा तोल जातो का, की हुकल्यावरच?

टिवल्याबावल्या

कडेलोट, तुमचं सदस्यनाम आणि पेशा यांचा इतका मेळ मी आजवर पाहिला नव्हता!

आई_आहे_मी

माझी मुलगी कराटे खेळते, १३ वर्षांची आहे. मधे पटकन उंच झाली आणि तेव्हापासून वळताना अडखळते. आधी जे सहज जमायचं ते जमत नाही म्हणून रडवेली होते. हे असं होतं का?

दुसरं जास्त काळजीचं. मागच्या एका स्पर्धेत तिला डोक्याला किक लागली. ती उठली, पण चालताना थोडी एका बाजूला जात होती. तिथल्या जबाबदार माणसांनी 'पाणी प्या, बसा, पुढच्या फेरीपर्यंत बरं वाटेल' असं सांगितलं. मी तिला खेळू दिलं नाही, त्यावरून बरीच बोलाचाली झाली. नंतर दोन दिवस तिचं डोकं दुखत होतं.

कानगोष्ट

आई_आहे_मी, तुम्ही मुलीला खेळू दिलं नाहीत हे अगदी योग्य केलंत, कुणी काहीही बोलो. मी कान-नाक-घसा डॉक्टर आहे. डोक्याला मार लागल्यावर तोल बिघडणं हे कन्कशनचं, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचं, ठळक लक्षण आहे. बेशुद्ध पडायलाच हवं असं नसतं, बहुतेक कन्कशनमध्ये माणूस शुद्धीवरच असतो. शंका आली तरी त्या दिवशी मॅटवर परत जायचं नाही. त्यानंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने परत यायचं आणि डोक्याला मार बसेल असा सराव सगळ्यात शेवटी, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ, एका बाजूचा अशक्तपणा यांतलं काहीही दिसलं तर थेट इस्पितळ. तुमच्या मुलीला अजून तपासलं नसेल तर कृपया दाखवून घ्या.

याच कामासाठी बेस नावाची साधी चाचणी वापरतात. डोळे मिटलेले, हात कमरेवर. दोन पाय जुळवून, एका पायावर, आणि एका पावलामागे दुसरं लावून, अशा तीन स्थिती. आधी कडक जमिनीवर आणि मग जाड फोमवर. प्रत्येक स्थिती २० सेकंद. डोळे उघडले, हात सुटले, पाऊल पडलं की एकेक चूक मोजायची. मोसमाच्या सुरुवातीला ठणठणीत असताना प्रत्येक खेळाडूचा आकडा लिहून ठेवला तर मार लागल्यावर तुलना करता येते. एका पायावर डोळे मिटून उभं राहण्याचा मला दिसणारा सगळ्यात मोलाचा उपयोग हा आहे. प्रत्येक क्लबने हे करावं असं मला फार कळकळीने वाटतं.

उंची झपाट्याने वाढते त्या काळात अडखळणं बऱ्याच मुलांमध्ये दिसतं. हातापायांची लांबी बदललेली असते, मेंदूचा जुना हिशेब चालत नाही. काही काळाने बसतं सगळं. त्या दिवसांत तिला रागावू नका आणि सोप्या हालचाली हळू करू द्या.

आई_आहे_मी

डॉक्टर, मनापासून आभार. उद्याच दाखवून आणते. आणि तो आकडा लिहून ठेवण्याचं क्लबमध्ये बोलते, बाकीचे पालकही बरोबर येतील.

नखशिखांत

कन्कशनच्या मुद्द्याला +१००. याबाबतीत कुठलीही तडजोड नको.

कानगोष्ट, आता तुम्ही आलाच आहात तर विचारतो. गिरकी घेऊन मारायच्या किकमध्ये काही जणांना गरगरतं. ते कानामुळे का?

कानगोष्ट

आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतला द्रव डोकं फिरायला लागलं की मागे रेंगाळतो आणि त्यामुळे फिरण्याची जाणीव होते. बराच वेळ फिरत राहिलं तर द्रव नलिकेच्या वेगाने जायला लागतो, आणि आपण थांबलो तरी तो पुढे सरकत राहतो. म्हणून थांबल्यावर जग फिरताना दिसतं. पण एका गिरकीला तेवढा वेळच लागत नाही. एकाच गिरकीत तोल जात असेल तर मी आधी डोक्याची हालचाल बघेन. खांदे वळले तरी नजर लक्ष्यावर शक्य तितका वेळ ठेवायची, मग डोकं झटकन वळवून पुन्हा लक्ष्य पकडायचं. डोकं शरीराच्या मागून फरफटत आलं तर पाऊल पडतं तेव्हा डोळ्यांना काही सापडलेलं नसतं. नुसत्या बारीकशा हालचालीनेही वारंवार चक्कर येत असेल तर मात्र तपासून घ्या.

वाचनमात्र

बरीच वर्षं फक्त वाचतो, आज लिहावंसं वाटलं. मला फार अंधुक दिसतं आणि मी ज्युदो खेळतो. दृष्टिहीनांचं ज्युदो १९८८ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, बहुतेकांना माहीत नसतं. आमच्यात लढत सुरू होते तीच दोघांनी एकमेकांना धरलेल्या अवस्थेत.

तोलाबद्दल माझा अनुभव असा की माझा तोल माझ्या हातात असतो. समोरच्याची कॉलर आणि बाही धरली की त्याचं वजन कुठल्या पायावर आहे, तो श्वास सोडतोय की रोखतोय, हे मनगटातून कळतं. त्याचा पाय उचलला जाण्याआधी बाहीचं कापड किंचित सैल पडतं. पकड घट्ट आवळली की हे सगळं ऐकू येईनासं होतं. नवीन मुलांना मी हेच सांगतो, बोटं बंद ठेवा पण कोपर मऊ ठेवा.

सांधेजोड

वाचनमात्र, फार सुंदर लिहिलंत, लिहीत राहा. यामागे शास्त्रही आहे. डोळे मिटून उभ्या असलेल्या माणसाने स्थिर वस्तूला फक्त बोटाचं टोक लावलं, दाब १ न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे आधार म्हणून शून्य उपयोग, तरी त्याचं डोलणं स्पष्ट कमी होतं. बोट आधार देत नाही, माहिती देतं.

२००२ साली फ्रान्समध्ये ज्युदोपटू आणि नर्तक यांची तुलना झाली होती. डोळे उघडे असताना दोघांचाही तोल उत्तम. डोळे मिटल्यावर मात्र ज्युदोपटूंनीच आघाडी राखली. सतत धक्के खात आणि बघायला वेळ न मिळता सावरण्याचा सराव त्यांना असतो, असा अर्थ लावला गेला. मलाही तो पटतो.

दंडबैठक

थोडं अवांतर. वजन उतरवण्याबद्दल कुणी बोललंच नाही. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडून, घाम काढून पोरं काट्यावर उभी राहतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, आणि मग आपण म्हणतो तोल कच्चा. तो तोल नव्हे, तहान आहे. एवढं पाणी तोडून गट गाठण्यापेक्षा वरच्या गटात खेळवा, मी तरी तेच करतो.

सांधेजोड

सर, या प्रतिसादाला उभं राहून टाळ्या. थकव्याचंही तसंच आहे. पाय थकले की डोलणं वाढतं, विश्रांती मिळाली की कमी होतं. म्हणून तोलाचा सराव नेहमी ताज्या पायांनी करून भागत नाही. थोडा भाग सत्राच्या शेवटी, दमल्यावर करावा, कारण तिसऱ्या फेरीत पाय तसेच असणार आहेत.

उलटी_गिरकी

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. कडेलोट, तुमच्या प्रश्नाने विचारात पाडलं. मित्राला बाजूने आणि मागून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगितला. पॅडवर किक बसते तेव्हा तोल जवळजवळ जात नाही. किक हुकते किंवा समोरचा मागे सरकतो तेव्हाच अंग पुढे वाहून जातं. एका पायावर उभं राहण्याशी याचा काही संबंधच दिसत नाही.

नखशिखांत

आता धागा पुन्हा मूळ प्रश्नावर आला, बरं झालं. मी मुए थाई शिकवतो, तंत्र थोडं वेगळं आहे पण आधाराच्या पायाचे नियम तेच. तो व्हिडिओ परत बघा आणि फक्त खालचं पाऊल बघा, वरचा पाय झाकून टाका. किक लक्ष्यावर पोचते त्या क्षणी आधाराच्या पायाची टाच कुठल्या दिशेला आहे?

उलटी_गिरकी

बघितलं. उजव्या पायाने मारताना डाव्या पायाची बोटं जवळजवळ समोरच्याकडेच राहिली आहेत. थोडी बाहेर वळली आहेत, फार नाही. डाव्या पायाने मारताना उजवी टाच बरीच पुढे आलेली दिसते, आणि त्या बाजूला तोलही कमी जातो.

नखशिखांत

मग इथेच आहे गाठ. चवड्यावर फिरून टाच लक्ष्याकडे यायला हवी. पाऊल समोर अडकून राहिलं की खुब्याच्या सांध्याला उघडायला जागा मिळत नाही. कंबर वळत नाही, मग उंची गाठायला तुम्ही धड मागे आणि बाजूला टाकता. आता शरीराचं वजन आधाराच्या पावलावर उरलंच नाही, ते पावलाच्या बाहेर गेलं. पॅड असेल तर पॅडचा धक्का तुम्हाला परत ढकलतो आणि सगळं झाकलं जातं. पॅड नसेल तर परत आणणारं कुणी नाही, पाऊल जिथे पडेल तिथे पडणार. वर वळणाचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो, तो धोका वेगळाच. मॅट चिकट असेल तर अजून वाईट.

दुसरं, किक लागो न लागो, गुडघा आधी दुमडून परत घ्या आणि मग पाय खाली ठेवा. सरळ पाय तसाच खाली पडू दिला की त्याचं वजन तुम्हाला ओढत नेतं.

आमच्याकडे एक सराव आहे. जोडीदार तुमची किक धरतो आणि पाय न सोडता तुम्हाला पुढे, मागे, बाजूला चालवतो. तुम्ही एका पायावर उड्या मारत मागे जायचं, हात वर ठेवून, नजर त्याच्या छातीवर. मग तो अचानक सोडतो, आणि तुम्ही थेट स्टान्समध्ये उतरायचं. सुरुवातीला हसू येतं, दोन मिनिटांत मांडी पेटते.

टिवल्याबावल्या

हा सराव वाचूनच माझी मांडी पेटली.

कडेलोट

नखशिखांत यांच्या सरावाला एक जोड देतो, सुकाशीवरून सुचलेली. जोडीदाराने पॅड धरावं आणि मनाला येईल तेव्हा, न सांगता, शेवटच्या क्षणी काढून घ्यावं. कधी काढणार हे तुम्हाला आधी कळता कामा नये, नाहीतर शरीर तयारी करून ठेवतं आणि सराव वाया जातो. हुकलेल्या किकनंतर पाय ठरलेल्या जागी टेकवून लगेच दुसरी किक. आधी अर्ध्या वेगाने. पाऊल जागेवर पडायला लागलं की वेग वाढवा.

शांत_पाणी

आणि अगदी हळू किक, भिंतीचा आधार न घेता. वर जायला पाच मोजा, दुमडायला पाच, ठेवायला पाच. वेगात लपलेलं सगळं हळू केल्यावर उघडं पडतं. टाच वळत नसेल तर तिथेच अडेल.

दंडबैठक

आणि मांड्या! विसरू नका.

सांधेजोड

सर, मांड्या आहेतच. खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायूही, एका पायावर कंबर सरळ धरून ठेवण्याचं काम त्यांचं.

उलटी_गिरकी, एक गोष्ट तुमच्याच प्रतिसादांत आहे. जो घोटा मुरगळला तो डावा, आणि जे पाऊल फिरत नाही तेही डावं. शरीर त्या घोट्यावर फिरायला कचरत असेल अशी दाट शंका येते. आधी एका फिजिओकडून डाव्या घोट्याची हालचाल आणि अस्थिबंध तपासून घ्या. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून बघा, दोन्ही बाजूंना पावलाचं भिंतीपासूनचं अंतर सारखं येतं का. डावं कमी आलं तर आधी तिथे काम करावं लागेल. आणि हो, डाव्या पायावरचा डोळे मिटून उभं राहण्याचा सराव चालू ठेवा, तुमच्या सरांनी सांगितलेला. तुमच्या डाव्या घोट्याला त्याची गरज आहे. पुढची स्पर्धा कधी आहे?

उलटी_गिरकी

पुढच्या महिन्यात. आत्ताच भिंतीसमोर करून बघितलं. डाव्या बाजूला अंतर बरंच कमी आहे आणि घोट्याच्या पुढच्या बाजूला काहीतरी अडतंय असं वाटतं.

सांधेजोड

मग या आठवड्यातच दाखवा, आणि तपासणी होईपर्यंत जोरात चवड्यावर फिरण्याचा सराव नको. हळू किक आणि हुकल्यावर पाऊल ठेवण्याचा सराव अर्ध्या वेगाने करा.

नखशिखांत

सहमत. आणि स्पर्धा इतकी जवळ असताना किकचं तंत्र मुळापासून बदलायला जाऊ नका, ऐन लढतीत जुनं आणि नवं यांत अडकाल. या वेळी डाव्या पायाच्या किकवर आणि पुढच्या पायाच्या किकवर भर द्या, उजवीची मोठी किक जपून वापरा. टाच वळवण्याचं काम स्पर्धेनंतर सरांसोबत बसून घ्या. व्हिडिओ त्यांनाही दाखवा.

उलटी_गिरकी

दाखवला. त्यांनी तीनदा मागेपुढे करून बघितला आणि उद्यापासून पॅड काढून घेण्याचा सराव सगळ्या बॅचला लावायचं ठरवलंय. घोट्यासाठी परवाची वेळ मिळालीय, काय निघतं ते इथेच लिहितो.